'इर्जिक' शब्दाची शहानिशा

भोरमध्ये आम्ही तीन निवृत्त माणसं दर शनिवारी जमतो आणि शब्दांचा कीस पाडतो. घरी आमचं कुणी ऐकून घेत नाही, हे त्यामागचं खरं कारण. गेल्या वर्षी बोलीभाषेचा छोटा कोश काढायची हुक्की आली आणि आम्ही 'इर्जिक'पाशी अडलो. सगळ्या वाडीनं आज एकाच्या शेतात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. एवढा सरळ शब्द. पण आमचे माजी हेडमास्तर तो 'ऊर्जा'पासून ओढून काढत होते आणि निवृत्त वकीलसाहेब फारसीतून. संस्कृत एकाला येत नव्हतं, फारसी दुसऱ्याला. 'इर्जिक' की 'इरजीक', यावर तीन शनिवार गेले. मीही त्यात हिरिरीने भांडलो.

शेवटी प्रत्यक्ष बघायचं ठरलं. नसरापूरला मिसळ चापून आम्ही वेल्ह्याकडच्या एका वाडीत पोचलो, तेव्हा अकरा वाजून गेले होते. एका विधवा बाईच्या खाचरात त्या दिवशी भातलावणीची इर्जिक होती. वीसेक माणसं चिखलात वाकलेली होती.

"रोपं जून व्हाया लागल्यात, गुर्जी," बाई मला म्हणाल्या. "आजचा दीस माझा. उद्या समदी दुसऱ्याकडं जात्याल."

मी मान डोलावली. ऐकलं काहीच नाही.

हेडमास्तरांनी सगळ्यांना बांधावर बोलावलं. प्रत्येकानं मोबाईलसमोर तो शब्द उच्चारायचा, कारण उच्चारावरून म्हणे मूळ सापडतं. मग लावणीची गाणी झाली, बांधावर उभं राहून. मग फोटो. मग वकीलसाहेबांनी चिखलाने माखलेल्या बायाबापड्यांना फारसीवर व्याख्यान झोडलं. शहरातले पाहुणे म्हणून बिचारी मुकाट्यानं उभी राहिली. या दोन गर्वाच्या फुग्यांना कुणीतरी टाचणी लावायला हवी होती. ते काम माझं होतं आणि मी उच्चार टिपून घेत होतो.

जेवणाच्या वेळी तर आम्ही कहर केला. इर्जिकीचं जेवण राबणाऱ्यांचं असतं, हे तोंडपाठ असणारे आम्ही तिघे पहिल्या पंगतीला बसलो आणि दुसऱ्यांदा रस्सा मागितला. एक म्हातारे बाबा हात धुवून आमच्यामागे ताटकळत उभे होते. "जेवू द्या त्यास्नी, लांबनं आल्यात," बाईंनीच त्यांना समजावलं.

संध्याकाळी माणसं आपापल्या घरी गेली. खाचराचा तिसरा हिस्सा तसाच मोकळा राहिला होता. बाई एकट्याच पुन्हा चिखलात उतरल्या आणि रोपांची मूठ सोडायला लागल्या.

"आता हे कसं करणार?" मी बांधावरून विचारलं.

"व्हईल तेवढं लावीन. ऱ्हाईलेली रोपं गुरांम्होरं टाकायची, दुसरं काय?" त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

मला लाज वाटली. बूट काढून उतरावं, असंही मनात आलं. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि मला बरं वाटलं. गाडीत हेडमास्तरांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. व्युत्पत्ती नंतर बघू, अर्थ तरी लिहून टाका म्हणाले. मी लिहिलं : 'अडलेल्याच्या शेतात सर्वांनी मिळून उतरणे.' अक्षर सुरेख आलं. माझ्या बुटांना चिखलाचा ठिपकाही नव्हता.