ब्रेकचा दिवा

आमच्या वन्संना घरात सगळे टाचणी म्हणतात. उंची जेमतेम चार फूट, आणि तीही अंबाड्यासकट मोजली तर. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "देवाकडे मुलगी मागितली होती, त्याने नमुना पाठवला." वन्संही ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. "नमुना साच्यावरच जातो, आई," म्हणत त्या हातातला पाना खाली ठेवायच्या आणि आईच्या पाठीखाली हात घालायच्या. मायलेकींचं प्रेम हे असं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं, आज दोघींतली एक नक्की जीव देणार. दोघीही ठणठणीत राहिल्या.

वन्सं तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईची मशिनं दुरुस्त करत. सव्वीस वर्षं. इतर मेकॅनिक मशिनीखाली शिरताना कण्हतात, वन्सं नुसत्या चालत आत जात. त्यांची बोटं मात्र लांब होती, शरीराला न शोभणारी. मशीन नुसतं फिरवून, कान लावून त्या सांगत, "हुक घासतोय," आणि हुकच घासत असे.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या, खुबा मोडला, त्या पलंगाला खिळल्या. त्यांना उचलायला दोघी लागतात. एकीने खांद्याखाली हात घालायचे, एकीने मांड्यांखाली. सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर वन्सं खांद्यांकडे, मी पायांकडे. मधल्या वेळेत मी एकटी कूस बदलायची आणि पाठीला मलम लावायची. मी देवाला रोज एकच मागत असे, मला चीड येऊ देऊ नकोस. चीड यायचीच. मग ती मी वहीत लिहून काढायची. माझी वही देवाच्या कोनाड्याशेजारी असते, त्या वहीला घरात कुणी हात लावत नाही.

मग कारखाना शहराबाहेर हलला. शेवटच्या बसथांब्यापासून पुढे पाच मैल रस्ता, वाहन स्वतःचं. मालकांनी वन्संना सांगितलं, अठरा तारखेला हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. नेहमीच्या गाडीवर वन्संचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पूर्वी एकदा त्या ह्यांच्या मोटारसायकलवर बसल्या होत्या आणि अंगणातच गाडीसकट आडव्या झाल्या होत्या. गल्लीतल्या बायका आठवडाभर हसत होत्या. हेही हसले होते.

"दादा, सकाळी तेवढं सोडशील?" वन्संनी विचारलं.

"मी काय हमाल आहे? पार्सल पाठवायचं तर पोस्ट आहे की."

दुसऱ्या दिवशी वन्सं कारखान्याच्या कोठीतून एक मोटारसायकल ढकलत घेऊन आल्या. मोटारसायकल म्हणायची एवढंच. माझ्या लग्नाच्याही आधीची, चाकं ताटाएवढी, बसायची जागा माझ्या गुडघ्याला लागेल अशी. फोरमनच्या भावाने कधीकाळी मैदानातल्या शर्यतींसाठी ती कापून छाटून ठेवली होती. दिवा नाही, भोंगा नाही, आरसा नाही, मडगार्ड नाही, सायलेन्सरच्या जागी नुसती नळी. सुरू केली तेव्हा शेजारचं बाळ किंचाळत उठलं.

"बोटभर बाई आणि वीतभर गाडी," हे म्हणाले. "टाचणे, ही चालवणार की पर्समध्ये ठेवणार?"

वन्सं त्यावर बसल्या. दोन्ही तळपाय सपाट जमिनीवर टेकले. त्या पायांकडे बघत राहिल्या. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

रस्त्यावर चालवायच्या परवान्यासाठी गाडी तपासणी कार्यालयात नेली. तिथे साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि अकरा खोटी लिहून दिल्या. वन्संनी तो कागद भिंतीला चिकटवला आणि एकेक खोट दूर करायला घेतली. शर्यतवाल्यांनी दिव्याला वीज देणारी कॉइल काढून फेकली होती. वन्संनी मशिनीच्या बॉबिन भरायच्या चाकावर तांब्याची तार गुंडाळून नवी कॉइल केली, वेढे तोंडाने मोजत. मध्ये सासूबाईंनी हाक मारली की त्या उठत, माझ्यासोबत सासूबाईंना उचलून ठेवत, आणि परत येऊन सगळी तार उलगडून पहिल्यापासून मोजत. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांना जास्तच तहान लागू लागली. साखळीवरचं झाकण एका मोडीत निघालेल्या मशिनीच्या पट्ट्याचं. पुढचा दिवा एवढा मोठा बसवला की नाकापेक्षा मोती जड. ब्रेकच्या लाल दिव्याचं बटण चारदा बदललं, कारण पाय नुसता ठेवला तरी तो लागायचा. "दाबल्यावरच लागला पाहिजे," त्या म्हणायच्या. "मागच्याला कळायला हवं, कुणी कधी थांबवलं ते."

अकरावी खोट नंबराची होती. गाडीच्या मानेवर, हँडलच्या खाली, गाडी बनवणाऱ्या कंपनीने ठोकलेला नंबर रंगाच्या थरांखाली गेला होता. वन्संनी तो तीन दिवस बारीक पॉलिश कागदाने हळूहळू उघडा केला, दातावरचं किटण काढावं तसा. अंक उमटले तेव्हा मी कोनाड्यापाशी लिहीत बसले होते. "वहिनी, तुझ्या वहीचा कागद पातळ आहे," म्हणत त्यांनी माझी वही मागितली. कोरं पान मानेवर धरलं आणि वरून पेन्सिल घासली. आठ अंक पांढरे उठून आले. मी पान फाडून द्यायला लागले.

"राहू दे तुझ्याकडेच. या घरात कुणी हात लावत नाही अशी एवढीच एक जागा आहे."

तोवर ह्यांना खात्री होती की गाडी काही रस्त्यावर यायची नाही. अंक बघितल्यावर ती खात्री गेली. जेवताना ते मला म्हणाले, "ही सकाळी सहाला जाणार, रात्री आठला येणार. आईला कोण उचलणार? मी?" मी त्यांच्या ताटात भात वाढला. माझ्याही मनात तेच होतं, फक्त त्यांच्या तोंडून निघालं.

हे लोखंडी फाटकं बनवतात. तपासणीच्या आदल्या दुपारी वन्सं कारखान्यात सामान बांधायला गेल्या होत्या. ह्यांनी दुकानातून लोखंड घासायचा ग्राइंडर आणला. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पदर नीट केला. मग गाडीच्या मानेवरून ठिणग्या उडाल्या. काम पाच मिनिटांचंही नव्हतं. वर चकचकीत काळा रंग मारून ते हात पुसत बसले.

संध्याकाळी वन्सं आल्या तर हे दारातच उभे. "मानेवर गंज राहिला होता. म्हटलं बहीण साहेबांपुढे जाणार, चकाचक करून द्यावी. आभार नकोत."

वन्संनी मानेवरून अंगठा फिरवला. ओला रंग अंगठ्याला लागला. त्या खालचा ओठ दातांत धरून उभ्या राहिल्या. आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, मेली का? मला कूस बदलायचीय." वन्सं आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गाडी ढकलत कार्यालयात गेल्या. मीही सोबत गेले, त्यांनीच बोलावलं म्हणून. साहेबांनी दिवा लावला, भोंगा वाजवला, आरशात स्वतःच्या मिशा पाहिल्या. दहा खोटींवर बरोबरच्या खुणा केल्या. मग मानेवर टिचकी मारली.

"नंबर कुठाय? चोरीची आहे का?"

"भावाने घासला."

"भाऊ चांगलाय तुमचा." खोलीतले कारकून हसले. साहेब मात्र कागदपत्रं बघत थोडे नरमले. "हे बघा बाई, काम तुमचं हाताचं आहे, दिसतंय. घासण्याआधी नंबराचा ठसा घेतला असेल तर आणा. जुन्या नोंदीशी जुळला तर नंबर पुन्हा ठोकायची परवानगी देतो. अठराच्या आत आणा मात्र, मी बदलीवर चाललोय. नवा साहेब ही गाडी बघून नुसता हसेल."

वन्संनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा एवढा उजळला की मला बघवेना. घरी येताना ती वीतभर गाडी ढकलत त्या जवळजवळ धावत होत्या. वाटेत एकाने शीळ घातली, "बाई, पाळण्यातून आणलीत का?" त्यांनी भोंगा वाजवून उत्तर दिलं.

घरात आल्या आल्या त्या कोनाड्यापाशी थांबल्या. वही समोर होती, हाताच्या अंतरावर. त्यांनी हात लावला नाही. मी उघडीन म्हणून थांबल्या.

मी वही मांडीवर घेतली. मला पान माहीत होतं, मधोमध होतं. मी पुढची पानं चाळली, मागची चाळली, मधली एका झटक्यात उलटली. सासूबाईंची पाठ माझ्या डोळ्यांपुढे होती, सकाळी सहा ते रात्री आठ, रोज, त्यांच्या मरणापर्यंत किंवा माझ्या.

"नाही हो वन्सं. परवा सासूबाईंनी पाणी सांडलं, तेव्हा पुसायला काही पानं फाडली. त्यात गेलं वाटतं."

"वाटतं?"

"गेलं."

देव समोर होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. वन्सं बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या, मग माझ्या बोटांकडे. मशिनीला कान लावताना असायचा तसाच चेहरा. कुठे घासतंय ते त्यांना कळलं असणार. तरी त्यांनी वही ओढून घेतली नाही. ओढली असती तर मी दिली असती, हे मी शपथेवर लिहिते.

अठरा तारीख गेली. कारखान्यात दुसरा माणूस लागला. एकोणीस तारखेला सकाळी वन्संनी हत्यारांची पेटी उघडली आणि गाडीचे भाग सुटे करायला घेतले. हे म्हणाले, "शहाणपण आलं म्हणायचं." वन्सं म्हणाल्या, "हो दादा, जरा उशिरा आलं."

आरसा त्यांनी न्हाणीघरात ह्यांच्या दाढीच्या जागी बसवला. "रोज सकाळी तोंड नीट बघत जा," म्हणाल्या. भोंगा सासूबाईंच्या पलंगाला लावला, बटण उशीपाशी. सासूबाई हरखल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात हाका मारणं बंद झालं. परवान्याच्या आशेने आणून ठेवलेली कोरी नंबरप्लेट वन्संनी मोरीत ठेवली, तिच्यावर साबण असतो.

शेवटी त्या ब्रेकचा दिवा, तारा आणि बॅटरी घेऊन देवाच्या कोनाड्याकडे आल्या. मला उठवून बाजूला केलं. दिवा देवाच्या वर, माझ्या डोळ्यांसमोर येईल असा ठोकला. तार भिंतीकडेने नेली आणि बटण माझ्या आसनाखाली ठेवलं. चार वेळा बदललेलं तेच बटण.

"बस," म्हणाल्या.

मी बसले. कोनाडा लालभडक झाला, देवाच्या चेहऱ्यासकट.

"ऊठ."

विझला.

"ठीक. दाबल्यावरच लागतोय." त्यांनी पक्कड पुसून पेटीत ठेवली. "वहिनी, वही लिहायला उजेड कमी पडत होता ना तुला? आता पान शोधावं लागणार नाही."

मला वाटलं, आता बोलावं. पान अजून वहीत होतं, त्यावर आठ अंक पांढरे. पण साहेब गेले होते, नोकरी गेली होती, आणि समोर जमिनीवर गाडीचा नुसता सांगाडा उरला होता. आता ते पान देऊन काय झालं असतं? फक्त माझं मन हलकं झालं असतं. तेही त्यांनी मला करू दिलं नसतं.

आतून भोंगा वाजला. दोनदा, लांब. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. इतकी वर्षं सासूबाईंनी बोलावलं की वन्सं आधी उठत.

त्या सांगाड्यावर जाऊन बसल्या. दोन्ही तळपाय सपाट टेकवले.

"जा," म्हणाल्या, "तुझी पाळी."