पंपघराची सर्दी

शिंप्याच्या दुकानात ती काजं-बटणं करायची. दिवसभर मान खाली, नजर सुईच्या टोकावर. घरी कारकून नवरा, तोंडाला कुलूप घातल्यासारखा. विचारलं तर उत्तर द्यायचा, तेही मोजून-मापून. त्याला खदखदून हसताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

दुपारचा डबा ती दुकानामागच्या बागेत खायची. एकदा घास तोंडात असतानाच तिला ठसका लागला. समोर पंपघराची भिंत होती. वाऱ्यासाठी ठेवलेली दोन गोल भोकं, त्यांच्यामधून खाली आलेला वाकडा पाइप आणि त्याखाली गिलावा पडून झालेलं आ वासलेलं तोंड. वर तो पाइप टपटप गळत होता!

"अगं बाई, याला तर सर्दी झालीये!" ती स्वतःशीच म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

रविवारी हट्टाने नवऱ्याला घेऊन गेली. "अहो, बघा ना! नाक गळतंय आणि बिचाऱ्याला कुणी रुमाल देत नाही."

त्याने भिंतीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "पाइप गळतोय. चल."

तिचं तोंड एवढंसं झालं.

पुढे एका दुपारी ती डबा घेऊन बागेत शिरली, तर झुडपांच्या कुंपणापलीकडून ओळखीचा आवाज आला. नवरा कचेरीतल्या मित्रांना घेऊन आला होता.

"अरे, बघा तरी! नाक गळतंय आणि बिचाऱ्याला कुणी रुमाल देत नाही!"

मित्र पोट धरधरून हसले. सगळ्यांत मोठ्याने तोच.

"तुला बरं सुचतं रे असलं!" एक जण म्हणाला. "वहिनींना दाखवलंस की नाही?"

"तिला काय कळतंय त्यातलं!"

ती डबा न उघडताच दुकानात परतली. संध्याकाळी त्याला वाढताना म्हणाली, "दुपारी मी बागेत होते. कुंपणामागे."

त्याचा हात थांबला. तिला वाटलं, आता तरी ओशाळेल.

"मग हाक मारायची होतीस," तो म्हणाला आणि मीठ मागितलं.

तिने बागेत जाणं सोडलं. पण डोळ्यांची खोड कुठली जायला! एकदा जिन्यातल्या ओल धरलेल्या भिंतीवर तिला दोन ढब्बू अस्वलं कुस्ती खेळताना दिसली. हसू ओठांवर आलं, तेवढ्यात मागून नवरा जिना चढत आला.

"काय गं, काय झालं?"

"कुठे काय," ती म्हणाली आणि भिंतीला पाठ टेकून, तो वर जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.