राखणदाराची विडी आणि दोन क्लॅम्प

त्या काळात माझा देवावर विश्वास होता, पण राखणदारावर नव्हता. देवळात हात जोडायचे, आरतीला उभं राहायचं, इथपर्यंत ठीक. पण गावच्या शिवेवरच्या दगडाला विडी वाहायची आणि तो अदृश्य रखवालदार ती ओढून आपल्याला सांभाळतो, हे काही माझ्या गळी उतरत नसे. आये, म्हणजे माझी आई, मात्र त्याला विडी घातल्याशिवाय शीव ओलांडत नसे. मी हसायचो. ती माझ्या हसण्याकडे लक्षच द्यायची नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

गोवा नुकताच घटकराज्य झाला होता. डिचोलीच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान होतं, आणि हौसेनं घेतलेली एक जुनी गाडी. मुलीला दम्याचा त्रास. डिचोलीत खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ घराघरांत शिरायची आणि पोरीची छाती वाजू लागायची. म्हणून सुट्टीत आम्ही तिला आयेकडे कोरगावला ठेवत असू. त्या दिवशी मुलीला आणि आमच्याकडे राहायला येणाऱ्या आयेला घेऊन मी डिचोलीला परत निघालो होतो. बायकोनं सकाळी मी घरून निघताना बजावलं होतं, ट्रकांच्या रस्त्याला लागलात की काचा वर करायच्या, विसरायचं नाही. आमच्या भागातल्या प्रत्येक आईचं हेच सांगणं असे.

गाडीचा सायलेन्सरचा पाइप आठवडाभर खडखडत होता. त्याचे दोन तुकडे एकात एक घुसतात तिथला सांधा सुटला होता. मी तो तारेनं करकचून बांधला होता आणि मनाशी म्हटलं होतं, चालेल सध्या. रस्त्यावर ट्रकांनी पाडलेले खड्डे. त्यात तार कधी तुटली कळलं नाही. आवाज वाढला तेवढा ऐकू आला, पण समोर ट्रकांची रांग होती आणि धुळीनं रस्ता दिसेनासा झाला होता. मी चारही काचा घट्ट वर केल्या. मागच्या सीटवर मुलगी काजूच्या बोंडूंची पिशवी पोटाशी धरून आडवी झाली होती. तिच्या सीटखालचा पत्रा गंजून भोक पडलं होतं, त्यावर मी रबरी मॅट टाकून दिली होती. तिच्या छातीत धूळ जाऊ नये म्हणून मी काचा लावल्या, आणि खालून धूर आत येत राहिला.

माझं डोकं जड झालं. उन्हामुळे असेल असं वाटलं. तेवढ्यात डिचोलीची शीव आली आणि पुढच्या सीटवरून आये म्हणाली, "थांबय रे गाडी. शीव आयली. राखणदाराक विडी घालूंक जाय."

"आये, आज नको. या धुळीत कुठे उतरतेस? पुढच्या वेळी दोन घाल."

"मग हांव हांगाच देंवतां. चलत येतां," असं म्हणून तिनं चालत्या गाडीचं दार खरंच उघडलं. मी चडफडत ब्रेक मारला.

उतरल्यावर मला गरगरलं, मी दार धरून उभा राहिलो. आयेनं दगडापाशी विडी ठेवली, हात जोडले, आणि नातीला हाक मारली, "बाये, ये गे, पायां पड." उत्तर आलं नाही. मी मागचं दार उघडलं. आत धुराचा उग्र वास कोंडला होता. पोरीची मान एका बाजूला कलंडली होती, आणि हलवली तरी ती डोळे उघडेना. त्या क्षणी मला काय वाटलं ते आजही लिहिता येत नाही. तिला उचलून मी रस्त्याकडेच्या आंब्याखाली आणलं. आये तिच्या तोंडावर पदरानं वारा घालत होती आणि मी नुसता तिचं नाव घेत होतो.

एक ट्रक थांबला. ड्रायव्हर सावंतवाडीकडचा असावा. "काय झाला ओ? चेडवाक वारो लागांदेत, गर्दी करू नकात," म्हणत त्यानं मला बाजूला केलं आणि तिला कुशीवर वळवलं. थोड्या वेळानं ती ओकली. खोकली. मग डोळे किलकिले करून म्हणाली, "आजी, म्हजे बोंडू खंय?"

मी तिथेच मातीत बसलो आणि मोठ्यानं रडलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पाइप निवल्यावर आम्ही दोघे गाडीखाली शिरलो. मी दोन्ही टोकं एकात एक दाबून धरली. त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून सांध्यावर गुंडाळला, आणि आपल्या पेटीतले दोन पट्टीचे क्लॅम्प काढून एक इकडे, एक तिकडे आवळला. फट राहिली नाही. "गरम झाल्यार ढिले पडतत," तो म्हणाला, "फुडे जावन परत आवळा. आणि काय्येक होवंदे, काचो उघडेच ठेवा."

काय देऊ विचारलं तर त्यानं मान हलवली. मग आयेच्या हातातल्या बंडलाकडे बघून म्हणाला, "एक विडी दिया."

आयेनं दोन्ही हातांनी दिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डिचोलीच्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि ते म्हणाले, आणखी थोडा वेळ तुम्ही तसेच आला असता तर मला काही करता आलं नसतं. पुढे तो ड्रायव्हर एकदा माझ्या दुकानात आला, एका पातेल्यासाठी भरपूर घासाघीस केली आणि ओळख पटल्यावर दोघेही हसलो. घरी येऊन मी आयेला म्हटलं, "बघ, माणूसच होता तो."

"मग?" आये म्हणाली. "राखणदार दर कामाक आपूण येता?"

त्याचं उत्तर आता मला शोधावंसंही वाटत नाही. जे जपायला म्हणून मी सगळं घट्ट बंद केलं होतं, ते एका विडीसाठी दार उघडलं म्हणून वाचलं. आये आता नाही. मुलगी सासरी आहे, तिला तिची लेक आहे. शीव आली की मी गाडी थांबवतो, विडी ठेवतो, आणि चारही काचा खाली करतो. तांबडी धूळ आत येते, पांढऱ्या सदऱ्यावर बसते. बसू दे.