ओहोटीला माघारी आलेली राख

पैठणला राख सोडणं सोपं. गोदावरीत सोडली, पाठ फिरवली, घरी आलं. मागं बघायचं नसतं. बायकोची राख तशीच सोडली, पण मूठभर ठेवली. तिनं सांगूनच ठेवलं होतं, "मूठभर पोरीच्या समुद्रात टाका. मला जाणं झालं नाय, तेवढं तरी पोचवा."

पोरगी अंदमानात, जावयाच्या नोकरीपायी. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून इथं पडेगावात तांब्या लिंबाला टांगला होता. तिथं पोरीच्या दारातल्या नारळाला टांगला.

मी म्हणालो, "ओहोटीला जाऊ. पाणी उतरतं, आपसूक घेऊन जाईल."

पोरगी म्हणाली, "आबा, तिकडं खडकातल्या खिंडीपाशी टाकू."

"तू मला शिकवू नको."

गुडघाभर पाण्यात गेलो. पुढं पोवळ्याच्या खडकाची लांब रांग, तिच्यावर लाटा फुटत होत्या. अंगठीतलं पोवळं तेवढं मला माहीत. राख सोडली, वर झेंडूचं फूल सोडलं, पाठ फिरवली आणि काठाकडं निघालो. फूल माझ्या मांडीला घासून पुढं गेलं. राखेचा पांढरा तवंग विजारीला येऊन चिकटला.

मी तिथंच थांबलो. एवढ्या लांब आणली आणि पोचवता येईना. जीव शिणून गेला.

पोरगी रडता रडता हसली. "आई कधी एका दमात घराबाहेर पडली व्हय? कडी लावली का बघायला माघारी यायचीच."

खरं होतं. त्या कडीपायी पैठणची एसटी लई वेळा चुकली आमची.

मग तिनं सांगितलं. ओहोटी असली तरी लाट खडकावर फुटली की पाणी आतच ढकललं जातं. आत साचतं, बाहेरच्यापेक्षा चढतं. मग काठाकाठानं सरकत खिंडीतून बाहेर पडतं. लाटा मोठ्या असल्या की आतलं पाणी लवकर उतरतही नाय.

"म्हणजे धरणच की. खिंड म्हणजे त्याचा दरवाजा."

"तसंच समजा."

आम्ही काठानं फुलाच्या मागं मागं चालत गेलो. फूल कुठं अडायचं, फिरायचं, परत निघायचं. माझे गुडघे बोलत होते. खिंडीपाशी पाण्याला ओढ होती. तिथं फूल एकदम सुटलं आणि लाटांच्या पलीकडं गेलं.

मागं बघायचं नसतं. मी बघत उभा राहिलो.

"चला आता, आबा."

"थांब जरा. तिची कडी लागू दे."