मामांनी पाळलेलं सुतक

सोलापुरात आयर्लंडचं सुतक पाळणारा एकच माणूस आहे आणि ते दुर्दैवानं माझे मामा आहेत. आईचे हे मावसभाऊ विमा कचेरीतून निवृत्त झाले, जवळच्याच दुधनी गावाच्या पलीकडं कधी गेले नाहीत. पण जुन्या बाजारात मिळालेला, पुठ्ठा गेलेला आयर्लंडच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ त्यांनी इतक्यांदा वाचलाय, की तिथले दुष्काळ, बंडं आणि फाशा त्यांना आपल्याच भावकीत घडल्यासारख्या वाटतात. ताटात बटाट्याची भाजी आली की ते आधी डोळे मिटून हात जोडतात. वैरागला माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी पंगतीत शेजारी बसलेल्या नव्या व्याह्यांना सांगितलं, "ह्या बटाट्याला तिकडं रोग पडला आणि दहा लाख माणसं मेली हो!" व्याह्यांचा घास हातातच राहिला. आम्ही मुलीकडचे. आम्हाला घाम फुटला.

पोस्टात जाताना ते पायरीशी चपला काढतात, कारण डब्लिनच्या बंडखोरांनी पोस्टाच्याच इमारतीतून प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. एकदा भर मे महिन्यात रखवालदार ओरडला, "काका, पाय भाजतील की! चपला घाला!" मामा या पायावरून त्या पायावर नाचत म्हणाले, "त्यांनी गोळ्या खाल्ल्या, मला फरशी सोसंना व्हय?" शेजारी मी, पाकीट तोंडापुढं धरून. चारचौघांत मला तोंड उघडता येत नाही. त्यावरही मामांकडं आयर्लंड होतंच. "तिथली एक बाई गलबतं घेऊन समुद्रावर लुटालूट करायची. इंग्लंडच्या राणीपुढं वाकली न्हाय. आणि तू? रिक्षावाल्याला थांब म्हणता येईना तुला!"

मग मला डब्लिनच्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला. मामा गल्लीत पेढे वाटत फिरतील असं मला वाटलं होतं. ते गप्प झाले. बाबा त्याहून गप्प. व्हिसा आल्यापासून बाबा माझ्याशी बोललेच नव्हते. त्यांनी सह्या केल्या, बॅगा आणल्या, पण शब्द नाही. मीही विचारलं नाही, त्या बाबतीत मी त्यांचीच मुलगी. ते असेच गप्प असताना मला निघावं लागेल, याची धास्ती मला परक्या देशापेक्षा जास्त होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्या शेंगाचटणी डब्यात भरत होती. तेवढ्यात मामा पांढरेशुभ्र कपडे घालून आले, हॉलच्या मधोमध मांडी घालून बसले आणि त्यांनी चक्क गळा काढला. "गेली रे, माझी लेक गेली!" आत्याच्या हातून डबा पडला. खालचे शेजारी धापा टाकत वर आले. "कोण गेलं? सामान आणायला माणूस पाठवू का?" मी समोर उभी होते, जिवंत, हातात टॉवेलांची घडी.

"मामा, काय अभद्र बोलताय!" आत्या किंचाळली. "उद्या विमानात बसायचंय पोरीला!"

"तिकडची रीतच हाय ती," मामा हुंदके देत म्हणाले. "पोरं बोटीनं अमेरिकेला निघाली की आदल्या दिवशी घरात मयतासारखं रडून घ्यायचे. परत दिसतील का न्हाय, कुणाला ठाऊक? आज रडा, न्हायतर उद्या विमानतळावर पोलिसापुढं रडाल."

बाबा खुर्चीतून उठले. आता ते मामांना दंडाला धरून बाहेर काढणार, असंच सगळ्यांना वाटलं. बाबा मामांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"ही कुणाकडं काही मागत नाही हो, मामा," बाबा म्हणाले. "तिथं उपाशी राहील, पण मागायची नाही." मग माझ्याकडं वळले. "मागशील ना गं?"

मी मान डोलावली.

"तोंडानं बोल की."

"मागेन, बाबा."

आता बाबा रोज व्हिडिओ कॉल करतात आणि मी काय काय खाल्लं ते विचारतात. मामा मात्र बोलायला येत नाहीत. "आमचं रडून झालंय. आता ती आल्यावरच बोलणं," असा त्यांचा निरोप असतो. पण कॉलच्या वेळी ते नेमके आमच्या घरी असतात. बाबांच्या पलीकडं, पडद्याच्या अगदी कडेला, मला त्यांचा एक गुडघा दिसतो. मी दिवसभराचं सगळं जरा मोठ्यानं, सावकाश सांगते. माझं सांगून होईपर्यंत तो गुडघा तिथून हलत नाही.