मोठ्या मायचं गुप्त गाव

आमच्या मोठ्या मायइतकी शास्त्रज्ञांची काळजी वाहणारी बाई अख्ख्या खानदेशात दुसरी नसेल, आणि ही काळजी तिने केली ती सगळी टीव्हीसमोर बसून. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वय सत्तर, शिक्षण चौथी, मुक्काम पाचोऱ्याजवळचं आमचं गाव. मोठे काका गेल्यावर कपाशीचं शेत तिनेच सांभाळलं. अशा बाईला तीनेक वर्षांपूर्वी हिंदीत डब केलेली एक परदेशी मालिका सापडली आणि आम्हा सगळ्यांचं जिणं अवघड झालं. मालिकेत एक गाव आहे, सरकारने जगापासून लपवून ठेवलेलं. गावात सगळे तऱ्हेवाईक शास्त्रज्ञ. दर भागात कुणाचा तरी शोध उलटतो, गाव मरणाच्या दारात जातं, आणि वाचवतो कोण, तर त्यातलं ओ की ठो न कळणारा तिथला साधासुधा फौजदार. मोठ्या मायचं निदान पहिल्याच आठवड्यात झालं होतं. "त्या गावमा एकबी म्हतारी नही," ती मला म्हणाली, "म्हनीसन बठ्ठा घोय शे." म्हातारी नाही म्हणून सगळा घोळ, असं तिचं म्हणणं.

मालिकेच्या वेळेला घरात चहा मिळत नसे आणि बोलायची तर सोयच नव्हती. एकदा ऐन वेळी वीज गेली. मोठ्या मायने थेट सबस्टेशनला फोन लावला आणि ओरडली, "तठे गाव पेटेल शे, आन् तुम्ही लाइट बंद करी दिनी?" तिकडचा माणूस भला होता. गाव पेटलंय म्हटल्यावर त्याने खबरदारी म्हणून आसपासच्या दोन गावांचीही लाइन बंद केली. दोन तास तिन्ही गावं अंधारात. खरा प्रकार कळल्यावर लोक तिला बोलायला आले, तर हिने त्यांनाच धारेवर धरलं, की एवढं ऐकून एक जण तरी बादली घेऊन आला का? यंत्र कधी माणसावर उलटेल सांगता येत नाही, हाही मालिकेचाच धडा. तेव्हापासून आमचा मिक्सर अंगणात असतो. लांब वायर लावून, सगळ्यांना चार पावलं मागे सरकवून, मोठी माय शेंगदाण्याची चटणी करते. चटणी उत्तम होते, ते सोडा.

या सगळ्याचं कारण होता दादा, तिचा एकुलता एक मुलगा. तो दक्षिणेत कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेत कंत्राटावर लागला होता. काम काय करतोस, असं विचारलं की फोनवर म्हणायचा, "माय, ते सांगता येत नही." झालं! गावाने त्याला शास्त्रज्ञ केलं आणि मालिकेने मोठ्या मायला त्याचा पत्ता दिला. ती अगदीच भोळी नाही. ते गाव परदेशातलं आहे हे तिला ठाऊक होतं. पण आपल्याकडेही असं एखादं असणारच, आणि दादा तिथेच असणार, हे तिने ठरवून टाकलं. दर रविवारी त्याचा फोन आला की जीव वाचवून पळायच्या सूचना सुरू. "निळा उजेड दिसना का पयी जाजो, यंत्र गये चुल्हामा!" दादा बिचारा "हा माय, हा माय" करत राही.

गाव गुप्त, म्हणून दादाचा ठावठिकाणाही गुप्त. कुणी विचारलं की मोठी माय प्रत्येकाला वेगळं गाव सांगायची, म्हणजे शत्रूला माग लागायला नको. मुक्ताईनगरकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. पाहुण्यांनी रीतीप्रमाणे शेजारीपाजारी चौकशी केली. एका घरी हैदराबाद ऐकलं, दुसऱ्या घरी दिल्ली, तिसऱ्या घरी अहमदाबाद. मुलीचे मामा परत येऊन आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बाजूला घेऊन विचारते झाले, "भाऊ, पोरगं फरार आहे का?" स्थळ मोडलं. मोठी माय मात्र खूश. म्हणाली, त्यांना कळलं नाही ना, बस्स!

पण श्रावण आला की ती गप्प व्हायची. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, म्हणजे देवीची स्थापना होते, भाऊबंद जमतात. रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, आणि ते रोट घरच्यांनीच खाऊन संपवायचे असतात. दादा चार वर्षं आला नव्हता. मोठी माय त्याची मूठ मोजायचीच, आणि त्याच्या वाट्याचंही स्वतः खाऊन दोन दिवस पोट धरून बसायची. गेल्या वर्षी तर तिने एक मूठ जास्तच घेतली. आबांनी विचारलं, "वहिनी, ही कोणाची?" "त्या फौजदारनी." आबा भडकले, तो काय आपल्या कुळातला आहे? "त्याले कोन शे तठे?" मोठी माय म्हणाली आणि गहू तसेच जात्याकडे घेऊन गेली.

माझं धुळ्याला बेअरिंगचं दुकान आहे. यंदा आषाढात मी जवळच्याच नरडाण्याच्या एका कारखान्यात माल द्यायला गेलो, आणि माल मोजून घ्यायला निळ्या गणवेशात समोर आला तो आमचा दादा. चहाच्या टपरीवर त्याने सगळं सांगितलं. शास्त्रज्ञ तो कधीच नव्हता, तिथे यंत्रं दुरुस्त करायचा. कंत्राट संपलं. दीड वर्षापासून तो इथेच होता, घरापासून अर्ध्या दिवसाचीही वाट नाही. "कोणत्या तोंडाने जाऊ?" म्हणाला. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "आहे त्या तोंडाने ये. कानबाईला आला नाहीस, तर मी माझ्या तोंडाने सांगतो."

तो आला. पहिली पाळी सुटली तसा, गणवेशातच. मोठ्या मायने पाट मांडला, पण दादा बसेना. उभ्यानेच म्हणाला, "माय, मी शास्त्रज्ञ नही. कधीच नव्हतू. ती नोकरी गयी. दीड वरीस व्हयनं, मी नरडाणाले शे."

"हाई नरडाणा? आपलं?"

"हा माय."

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. "दूर व्हता तं मी मनले समजाडी लिधं," ती म्हणाली. "माले वाटे, तुले तठेन कोनी सोडत नही." आणि मोठ्यांदा रडली, सगळ्या भाऊबंदांसमोर. मग पदराने डोळे पुसून दादाला म्हणाली, "बठ आते. रोट थंडा व्हयी ऱ्हायना." दादा जेवला. तिने त्या दिवशी फक्त आपल्याच वाट्याचं खाल्लं.

आता दादा दर रविवारी घरी जातो. मिक्सर बिघडला की दुरुस्त करतो आणि बोलणी खातो. मोठ्या मायचं मालिका बघणं बंद आहे. परवा मी विचारलं, त्या गावात सध्या काय चाललंय? तर म्हणाली, "माले काय माहीत? आते कोनले टाइम शे?" खरं सांगतो, मला वाईट वाटलं. तिच्या तोंडून ती मालिका ऐकायची मला सवय लागली होती. त्यातला एक भाग तर तिने मला दहादा सांगितला असेल. एका शास्त्रज्ञाची आई डबा घेऊन त्या गावच्या फाटकाशी येते. शिपाई आत सोडत नाहीत. मुलाला निरोपही देत नाहीत. म्हातारी फाटकाबाहेर बसून राहते, आणि शेवटी तो फौजदार येऊन तिच्याशेजारी मातीत बसतो आणि तिची भाकरी खातो. तो भाग पाहावा म्हणून मी मालिका पहिल्यापासून लावली. महिनाभर दुकानातून आल्यावर तेच करत होतो, बायको चिडली. सगळे भाग पाहून झाले. त्यात कुणाची आई येतच नाही.