बेटावर समजलं तेव्हा

आम्ही तिघी नाशिकच्या एकाच शाळेत शिकवायचो. दोन हजार सालानंतरच्या एका एप्रिलमध्ये, पेपर तपासून झाल्यावर, अंदमानला गेलो. घरच्यांना मागे ठेवून केलेली आमची ती पहिलीच सहल.

आमच्यातली एक सायखेड्याची. तिची आई लवकर गेली होती. भाऊबहीण कुणी नाही. वडील गावी राहून शेत बघायचे. निघण्याआधी ती त्यांना भेटून आली, तेव्हा त्यांना जरा दम लागत होता. जाऊ की नको, असं तिचं चाललं होतं. ते म्हणाले, "मला काय झालंय? तू जा." आणि स्वतः येऊन त्यांनी तिला एसटीत बसवून दिलं.

पोर्ट ब्लेअरहून बोटीने एका लहान बेटावर गेलो. पहिल्या दिवशी ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून लाटेगणिक हसत होती. इतकी मोकळी मी तिला शाळेत कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवताना लॉजच्या मॅनेजरने तिला फोनवर बोलावलं. आम्हीही मागोमाग गेलो. तिचा चुलतभाऊ बोलत होता. लाइन खराब असल्याने तो ओरडूनच बोलत होता, आम्हालाही ऐकू येत होतं.

"ताई, आबा गेले. मळ्यातून आले, ओट्यावर टेकले, अन् गेले."

तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तू येस्तोवर थांबू ना? बर्फ आणतो नाशिकहून."

त्या दिवसाची बोट सकाळीच सुटली होती. उद्याची बोट, मग विमान, मग मुंबईहून गाडी. तिने भिंतीला हात टेकला.

"ऊन किती आहे तिकडे?"

"लय हाय, ताई."

"मग नका थांबवू. तू अग्नी दे."

तिने रिसीव्हर नीट ठेवला, मॅनेजरला "थँक्यू" म्हणाली आणि आमच्याकडे वळली. "आंघोळ करायला हवी," एवढंच बोलली आणि सरळ समुद्राकडे चालू लागली. आम्हीही अंगावरच्या कपड्यांनिशी तिच्याबरोबर पाण्यात उतरलो. तिने तीन वेळा डोकं बुडवलं. बाहेर येतो तर एक नवं जोडपं कॅमेरा घेऊन उभं होतं. "दीदी, एक फोटो?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात तिने ओली ओढणी पिळून तिला हात पुसले आणि कॅमेरा घेतला. पहिल्या फोटोत मुलीने डोळे मिटले, म्हणून दुसराही काढून दिला.

दुपारभर आम्ही वाळूवर बसून होतो. ती मधूनच बोलायची. "आता उचललं असेल." बऱ्याच वेळाने, "आता नदीवर पोचले असतील." समोरचं पाणी इतकं निळं, इतकं नितळ होतं, की मला तिकडे बघवेना. ऊन कलल्यावर तिने विचारलं, "थांबा म्हणायला हवं होतं का गं मी?" मी तिचा हात धरला, आणि तेव्हा कुठे ती रडली.

गावी पोचलो तोवर अस्थी गोळा करायचा दिवस उलटून गेला होता. चुलतभावाने तिच्यासाठी सगळं थांबवून धरलं होतं. बायकांनी नदीकाठी जायचं नसतं, असं कुणी वडीलधारे पुटपुटले. तो म्हणाला, "तिच्याबिगर नाय व्हायचं." ती राखेजवळ बसली. आधी तिने पूर्ण तळवा राखेवर ठेवला. राख गार झाली होती. बराच वेळ तिने हात उचललाच नाही. मग एकेक अस्थी वेचून मडक्यात ठेवू लागली.

त्यानंतर आम्ही तिघी मिळून कुठे गेलो नाही. कुणी ठरवलं नव्हतं तसं. सुट्टी लागायची, आणि कुठे जायचं, हे आमच्यापैकी कुणीच विचारायचं नाही.